दीडशे वर्षांची निद्रा : वाम्पानोआग भाषेची कथा

१९७८ सालच्या जानेवारी महिन्यात अमेरिकेतील बोस्टन शहराच्या संघीय न्यायालयात ज्युरींपुढे एक विलक्षण प्रश्न होता. मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाचा, गळासारखा समुद्रात वळलेला भूभाग आहे. त्यावर मॅशपी हे गाव वसले आहे. तेथील वाम्पानोआग लोकांनी आपल्या पूर्वजांच्या हातून गेलेली हजारो एकर जमीन परत मिळावी म्हणून १९७६ साली दावा लावला होता. संघसरकारच्या संमतीवाचून आदिवासींची जमीन कोणासही घेता येणार नाही, असे सांगणारा १७९० चा कायदा हा त्यांचा आधार होता. परंतु जमीन कोणाची हा प्रश्न पुढचा. आधी ठरावयाचे होते ते हे की, दावा लावणारी ही माणसे 'जमात' या संज्ञेस पात्र आहेत काय?

सुनावणी सुमारे चाळीस दिवस चालली. विरुद्ध पक्षाच्या वकिलांचा रोख एकच होता. हे लोक इंग्रजी बोलतात, इतरांसारखे कपडे घालतात, बाहेरच्यांशी विवाह करतात, पिढ्यान् पिढ्या बॅप्टिस्ट देवळात जातात. मग यांचे वेगळेपण ते कोणते? ज्युरींनी निकाल दिला तो वाचून हसावे की रडावे ते कळत नाही. मॅशपीचे लोक १८३४ साली जमात होते, १८४२ सालीही होते. पण १७९० साली नव्हते, १८६९ व १८७० साली नव्हते आणि दावा लावला त्या १९७६ सालीही नव्हते! दावा फेटाळण्यात आला.

त्या वकिलांच्या युक्तिवादातील एक गोष्ट आम्हांस विशेष बोचली. ख्रिस्ती असणे हा त्या लोकांच्या समाजपणाविरुद्धचा पुरावा म्हणून मांडण्यात आला. ज्यांच्या वाडवडिलांना गोऱ्यांनीच ख्रिस्ती केले, त्यांना गोऱ्यांच्याच न्यायालयात विचारले गेले की, तुम्ही ख्रिस्ती, मग तुम्ही 'तुम्ही' कसे? महाराष्ट्रातील ख्रिस्ती वाचकाला हा प्रश्न अगदीच अनोळखी वाटणार नाही. आगगाडीच्या डब्यात आमचे नाव ऐकून "पण मराठी चांगलं बोलता हो तुम्ही," असे सद्भावनेने म्हणणारे सहप्रवासी आम्हांसही भेटले आहेत.

वाम्पानोआगांना त्या प्रश्नाचे उत्तर पुढे एका अनपेक्षित ठिकाणी सापडले, आणि ते ठिकाण म्हणजे एक जुने बायबल. ती हकीगत सांगण्यासाठी हा लेख आहे. मात्र तिच्यात धर्मोपदेशकांचा वाटा जितका अभिमानाचा आहे तितकाच शरमेचाही आहे, हे प्रारंभीच नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

'वाम्पानोआग' म्हणजे पहिल्या प्रकाशाचे, पूर्वेचे लोक. अटलांटिक महासागराच्या ज्या किनाऱ्यावर सूर्याची किरणे प्रथम पडतात, तेथे हे लोक हजारो वर्षे राहत होते; ते मका व भोपळा पिकवीत, मासेमारी करीत. त्यांची भाषा अल्गोंक्वियन या विस्तृत भाषाकुलातील. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने किनाऱ्यावरील गावेच्या गावे ओस पाडली. पटक्सेट हे त्यांपैकी एक. त्या गावच्या टिस्क्वांटम नावाच्या तरुणास १६१४ साली थॉमस हंट या इंग्रज कप्तानाने इतर काही जणांबरोबर फसवून जहाजावर चढविले आणि स्पेनमधील मालागा बंदरात गुलाम म्हणून विक्रीस काढले. तेथील काही मठवासी धर्मगुरूंनी या बंदींपैकी अनेकांना विक्रीतून सोडवून धर्मशिक्षणासाठी आपल्याकडे ठेवून घेतले. टिस्क्वांटम पुढे लंडनमार्गे १६१९ साली मायदेशी परतला. गावी एकही माणूस जिवंत नव्हता. १६२० च्या डिसेंबरात 'मेफ्लॉवर' जहाजातून आलेल्या इंग्रजांनी त्याच ओसाड गावाच्या जागी प्लिमथ वसविले, आणि इंग्रजी जाणणारा टिस्क्वांटम त्यांचा दुभाषा झाला. आपल्याच गावठाणावर परक्यांच्या झोपड्या उभ्या राहत असता त्यांना मका कसा पेरावा हे शिकविणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय चालले असेल?

आता जॉन एलियट यांच्याकडे वळू. जन्म १६०४, शिक्षण इंग्लंडमधील केंब्रिज येथे. १६३१ साली ते अमेरिकेस आले व बोस्टनजवळील रॉक्सबरी येथे प्युरिटन पंथाचे धर्मोपदेशक झाले. आदिवासींच्या भाषेत उपदेश केल्यावाचून त्यांच्या अंतःकरणाचे दार उघडणार नाही, ही त्यांची खूणगाठ होती. भाषा शिकविणारा त्यांस मिळाला तो कॉकेनो. १६३७ च्या पीक्वॉट युद्धात पकडला जाऊन इंग्रजांच्या घरी चाकरीस ठेवलेला एक तरुण. म्हणजे या थोर कार्याचा आरंभ एका बंदीच्या जिभेवर झाला. १६४६ साली एलियट यांनी नोनॅन्टम येथे आदिवासींपुढे त्यांच्या भाषेत प्रवचन केले. पुढे जॉब नेसुटन हा आदिवासी विद्वान भाषांतरात त्यांचा साहाय्यक झाला. खिळे जुळविण्यास मिळाला तो वावाउस, इंग्रजांनी ज्याचे नाव जेम्स प्रिंटर ठेवले. १६६१ साली नवा करार आणि १६६३ साली संपूर्ण बायबल केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथे छापून पूर्ण झाले. छापखाना होता हार्वर्ड महाविद्यालयाच्या आवारात, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत. पृथ्वीच्या पश्चिम गोलार्धात छापले गेलेले हे पहिले संपूर्ण बायबल. ते इंग्रजी नव्हते, स्पॅनिशही नव्हते. ते त्या भूमीच्या भाषेत होते. मुखपृष्ठावर एलियट यांचे नाव आहे. नेसुटन व वावाउस यांची नावे नाहीत.

येथे आमच्या वाचकांस फादर थॉमस स्टीफन्स आठवल्यावाचून राहणार नाहीत. तेही इंग्रजच. एलियट बारा वर्षांचे होते तेव्हा, १६१६ साली, गोव्यातील राचोल येथे स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. एक येशूसंघीय, दुसरे प्युरिटन. परस्परांच्या पंथाविषयी दोघांच्याही तोंडून गोड शब्द निघाले नसते. परंतु दोघांनीही परकी भाषा कान देऊन ऐकली आणि तिच्यात ग्रंथ सिद्ध केला. आणखी एक साम्य मात्र दुःखद आहे. ग्रंथाच्या पाठोपाठ भाषेवरच गदा आली. गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी असे फर्मावले. न्यू इंग्लंडमध्ये काय झाले ते पुढे पाहू.

एलियट यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना आमची लेखणी अडखळते. भाषेविषयी त्यांचा आदर खरा होता. १६६६ साली त्यांनी तिचे व्याकरणही प्रसिद्ध केले. पण भाषेखेरीज त्या लोकांचे बाकी सारे बदलावे असा त्यांचा आग्रह होता. १६५१ साली स्थापन झालेल्या नेटिक या गावापासून 'प्रार्थना-गावे' वसविण्यात आली. १६७४ पर्यंत ती चौदा झाली. तेथे केस कापावे लागत, इंग्रजी पद्धतीची घरे व पोशाख स्वीकारावा लागे, कुलरीती सोडाव्या लागत. शब्द त्यांचे ठेवावे आणि शब्दांमागचे जगणे मात्र काढून घ्यावे, असा हा प्रकार होता.

तथापि पुस्तक एकदा हाती आले म्हणजे ते देणाऱ्याचे राहत नाही. वाम्पानोआग लोक वाचू लागले, लिहू लागले, आणि केवळ प्रार्थना लिहून थांबले नाहीत. विशेषतः मार्थाज् व्हिनयार्ड या बेटावर व मॅशपीच्या परिसरात त्यांनी आपल्या भाषेत खरेदीखते लिहिली, मृत्युपत्रे केली, गावच्या सभांची टिपणे ठेवली, पत्रे पाठविली. बायबलच्या समासांत कोणी आपले नाव घालून हे पुस्तक माझे आहे असे लिहून ठेविले, तर कोणी आपल्या लोकांची दैना दोन ओळींत नोंदविली. आमच्या जमिनीत परके घुसत आहेत, अशी तक्रार करणारा मॅशपीकरांचा १७५२ सालचा अर्ज त्यांच्याच भाषेत आहे. आयव्हज् गोडार्ड व कॅथलीन ब्रॅग्डन या अभ्यासकांनी १९८८ साली हे कागद एकत्र करून प्रसिद्ध केले. भाकरीसाठी, बांधासाठी, वारसासाठी लिहिलेले हे कागद. यांचे महत्त्व पुढे कळून येईल.

१६७५ साली युद्ध पेटले. इंग्रजांशी सख्य राखणारा सरदार उसामेक्विन याचा पुत्र मेटाकॉम (इंग्रज त्यास किंग फिलिप म्हणत) इंग्रजांच्या भूमिलोभापुढे हतबल होऊन उठला. त्या युद्धात ख्रिस्ती झालेल्या आदिवासींची अवस्था अडकित्त्यातील सुपारीसारखी झाली. नेटिकच्या लोकांना इंग्रजांनी हिवाळ्याच्या तोंडावर बोस्टनच्या बंदरातील डिअर बेटावर नेऊन डांबले. तेथे उपासमारीने व थंडीने पुष्कळ जण मेले. एलियट यांच्या बायबलच्या असंख्य प्रती याच काळात नष्ट झाल्या. वयोवृद्ध एलियट यांनी एक काम मात्र धैर्याने केले. पकडलेल्या आदिवासींना गुलाम म्हणून परदेशी विकू नये, असा लेखी अर्ज त्यांनी सरकारकडे केला. तो कोणी ऐकला नाही.

१६७६ च्या ऑगस्टमध्ये मेटाकॉम मारला गेला. त्याचे शिर प्लिमथ येथे अनेक वर्षे खांबावर टांगलेले होते. त्याचा लहानगा मुलगा इंग्रजांच्या हाती सापडला. या बालकाचे काय करावे, असा प्रश्न धर्मोपदेशकांना विचारण्यात आला. काहींनी पवित्र शास्त्रातील दाखले काढून मृत्युदंड सुचविला. त्यांत प्लिमथचे धर्मोपदेशक जॉन कॉटन (धाकटे) यांचे नाव आहे. हे कॉटन वाम्पानोआग भाषा उत्तम जाणत, तिच्यात उपदेश करीत, आणि १६८५ साली निघालेल्या बायबलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या संशोधनात त्यांचा मोठा हात होता. त्या मुलाशी ते त्याच्या मातृभाषेत बोलू शकले असते. परभाषा शिकणे म्हणजे परक्यावर प्रेम करणे, असे सेमिनरीत असताना आम्हांस वाटत असे. जॉन कॉटन यांचा कागद वाचल्यापासून तसे वाटत नाही. दुसऱ्या एका धर्मोपदेशकाने, जेम्स कीथ यांनी, दयेची याचना केली. अखेर त्या मुलाचे प्राण वाचले, पण त्यास गुलाम म्हणून विकण्यात आले.

इतके होऊनही भाषा मेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १७०९ साली एक्स्पीरिअन्स मेह्यू यांनी भाषांतरित केलेली स्तोत्रे व योहानकृत शुभवर्तमान बोस्टनमध्ये छापले गेले, आणि छापणाऱ्यांत तोच जेम्स प्रिंटर होता. मॅशपीत सॉलोमन ब्रायंट हे आदिवासी पाळक १७७५ पर्यंत आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत उपदेश करीत राहिले. भाषेस खरा धक्का बसला तो एका साध्या निर्णयाने. १७१० च्या सुमारास बायबलची तिसरी आवृत्ती काढावी काय, असा विचार निघाला असता बोस्टनमधील मंडळींनी विरोध केला. त्यांत अग्रणी होते कॉटन मेदर हे नामांकित प्रवचनकार. आदिवासींना इंग्रज बनविणे हेच त्यांच्या हिताचे, मग त्यांच्या भाषेत पुस्तके हवीत कशाला, असा त्यांचा विचार. याच मेदर यांनी या भाषेच्या लांबलचक शब्दांची थट्टा करताना लिहून ठेविले आहे की, एका भूतबाधित मुलीतील पिशाच्चांना लॅटिन, ग्रीक व हिब्रू समजत असे, पण ही भाषा त्यांनाही कळली नाही! आम्हांस यात भाषेचा गौरवच दिसतो.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगता येईल, कारण ती जगभर सारखीच आहे. कर्जाच्या पायी मुले इंग्रजांच्या घरी बांधील चाकर म्हणून राहू लागली. पुरुष देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर वर्षानुवर्षे दूर गेले, कित्येक परतले नाहीत. वसाहतीने नेमलेले पालक गावाचा कारभार पाहू लागले. शाळा इंग्रजी झाली, देऊळ इंग्रजी झाले. आईने मुलाशी आपल्या भाषेत बोलणे कधी सोडले याची तारीख कोणत्याच दप्तरात सापडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती भाषा अस्खलित बोलणारे कोणी उरले नाही. राज्याचे नाव मॅसॅच्युसेट्स त्याच बोलीतले, रस्त्यांच्या पाट्यांवरील गावांची नावे त्याच बोलीतली. पण त्यांचा अर्थ सांगणारा नाही.

१९९३ साली, म्हणजे न्यायालयाच्या निकालास पंधरा वर्षे झाल्यावर, मॅशपीतील जेसी लिटल डो बेअर्ड या तिशीतील स्त्रीस लागोपाठ स्वप्ने पडू लागली. ओळखीच्या चेहऱ्यांची माणसे न कळणाऱ्या भाषेत तिच्याशी बोलत. पुढे एके दिवशी केप कॉडवरील सिपेविसेट या स्थळनामाची पाटी तिच्या दृष्टीस पडली आणि स्वप्नातील शब्दांची जात याच नावाची आहे, हे तिच्या ध्यानात आले. स्वप्नांविषयी आम्ही सावधपणे बोलतो. याकोब व योसेफ यांची स्वप्ने वाचणाऱ्यांनी ती एकदम धुडकावूही नयेत. स्वप्नापेक्षा त्यानंतर त्या बाईने केलेले काम मोठे आहे, एवढे निश्चित.

वाम्पानोआगांच्या चार समाजांनी, मॅशपी, अक्विना, असोनेट व हेरिंग पाँड यांनी, एकत्र बसून ठरविले की भाषा परत आणावयाची. अक्विनाच्या ज्येष्ठ शिक्षिका हेलन मॅनिंग या कार्यात बेअर्ड यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. वर्ग प्रथम केवळ समाजाच्या लोकांसाठीच खुले ठेवण्यात आले. हा आपपरभाव आम्हांस आधी रुचला नाही. परंतु ज्यांच्या पूर्वजांची मडकी, हाडे आणि गाणी संग्रहालयांत जाऊन बसली, त्यांनी एक तरी वस्तू प्रथम आपल्या घरी आणावी असे म्हटले तर त्यात वावगे काय?

बेअर्ड एमआयटी या विख्यात विद्यापीठात गेल्या. तेथील केनेथ हेल हे भाषापंडित अनेक आदिवासी भाषा अस्खलित बोलत. पहिल्या भेटीत बेअर्ड त्यांच्याशी फटकून वागल्या होत्या. परका पंडित आम्हांस आमची भाषा काय सांगणार, असा त्यांचा सूर होता. पुढे त्याच हेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी २००० साली भाषाशास्त्राची उच्च पदवी मिळविली. हेल हे १६४३ साली नॅरॅगन्सेट भाषेवर पुस्तक लिहिणाऱ्या रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाच्या वंशातील. २००१ साली हेल निवर्तले, पण तोवर पाया घातला गेला होता.

बोलणारा एकही माणूस नसताना भाषा परत कशी आणावयाची? येथेच एलियट यांचे बायबल कामी आले. मजकूर आधीच ठाऊक असलेले ते पुस्तक. अमुक ओवीचा अर्थ काय हे इंग्रजी बायबलावरून कळते, मग त्यातील कोणता शब्द कशासाठी हे ताडता येते. एकच धातू शेकडो ठिकाणी निरनिराळ्या रूपांत सापडतो. ज्याला आपण वाक्य म्हणू ते या भाषेत पुष्कळदा एकाच क्रियापदात मावते. कर्ता, कर्म, काळ सारे त्यात गुंफलेले. नामांचे वर्ग स्त्री-पुरुष असे नसून सजीव व निर्जीव असे आहेत. ही सारी यंत्रणा बायबलच्या हजारो ओव्यांतून उलगडत गेली. स्तोत्रांतून तर हृदय, पाय, डोळे, अश्रू, भूक असे माणसाच्या अंगचे शब्द मिळाले.

पण केवळ बायबल पुरेसे नव्हते. ते परक्याच्या देखरेखीखाली झालेले भाषांतर. घोड्यासारख्या नव्या प्राण्याला त्यात इंग्रजी नावच देऊन वर आपल्या भाषेचा अनेकवचनी प्रत्यय जोडला आहे. लोक खरोखर कसे बोलत हे कळले ते त्या खरेदीखतांवरून, मृत्युपत्रांवरून, अर्जांवरून. गंमत अशी की, लिहिणाऱ्यांचे शुद्धलेखन एकसारखे नव्हते. ज्याने त्याने आपल्या कानास जसे ऐकू आले तसे लिहिले, आणि त्या अशुद्धतेतूनच उच्चार कळले. उरलेली पोकळी भगिनीभाषांच्या तुलनेने भरली. या कुलातील काही भाषा आजही जिवंत आहेत; त्यांतील ध्वनी कोणत्या नियमाने बदलतात हे ठाऊक असल्याने हरवलेला शब्द कसा असावा याचा अंदाज करता येतो. एलियट यांनी दीर्घ 'ऊ'साठी दोन 'ओ' चिकटवून एक जोडाक्षर वापरले होते. नव्या लिपीत त्या जागी इंग्रजी आठाचा आकडाच अक्षर म्हणून घेतला आहे. अशा रीतीने दहा हजारांहून अधिक शब्दांचा कोश तयार झाला.

कोशातील एका शब्दाविषयी बेअर्ड वारंवार सांगतात. जमिनीवरचा हक्क गमावणे यासाठी जुन्या कागदांत जो शब्द येतो, त्यात पायांवरून कोसळण्याचा भाव आहे. आपली जमीन विकली जाण्याचे दुःख पिढ्यान् पिढ्या इंग्रजीत सांगणाऱ्या त्या माणसांना, आपल्या पूर्वजांनी ते कोणत्या शब्दात सांगितले होते हे कळले. बोस्टनच्या न्यायालयात वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे देताना हा शब्द त्यांच्या जवळ नव्हता.

२००४ साली बेअर्ड यांस कन्या झाली. तिच्याशी जन्मापासून वाम्पानोआग बोलण्याचा निश्चय घरात झाला, आणि जवळजवळ दीडशे वर्षांनी एका बालकाच्या तोंडून ती भाषा मातृभाषा म्हणून उमटू लागली. २०१० साली बेअर्ड यांना मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. २०१६ साली लहान मुलांसाठी सर्वस्वी त्याच भाषेत चालणारी शाळा सुरू झाली. तिच्या नावाचा अर्थ 'मुलांचे घर'. ओघवती भाषा बोलणारे अजून थोडेच आहेत. मोठ्यांनी प्रौढपणी शिकलेली भाषा पुस्तकी वाटते, कोणता उच्चार खरा यावर वाद होतात. परंतु शाळेतील मुले भांडतात, रुसतात, चिडवतात ती त्या भाषेत. भाषा जिवंत असल्याची याहून खात्रीची खूण आम्हांस ठाऊक नाही.

जमिनीचे काय झाले? २००७ साली संघसरकारने मॅशपीच्या लोकांना जमात म्हणून मान्यता दिली. २०१५ साली ३२१ एकर जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आली. २०१८ साली सरकारने आपलाच निर्णय फिरविला, २०२० च्या मार्चमध्ये ती राखीव भूमी रद्द करण्याचा आदेश निघाला, आणि २०२१ च्या डिसेंबरात ती पुन्हा कायम करण्यात आली. भाषेमुळे जमीन मिळाली असे आम्ही म्हणत नाही. ते खरे नव्हे. पण २०२० सालच्या त्या आदेशानंतर 'तुम्ही कोण?' हे सांगण्यासाठी त्यांना इंग्रजांनी लिहिलेल्या इतिहासाकडे जावे लागले नाही.

हे सारे वाचत असता आमच्याच धर्मग्रामातील एक जुनी गोष्ट आम्हांस छळत राहिली. नवदीक्षित धर्मगुरू म्हणून वसईतील एका देवळात आम्ही साहाय्यक होतो. आम्ही स्वतः सामवेदी घरातले. आमची आजी आम्हांस कादोडीतच रागावत असे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका दहा वर्षांच्या मुलीस आम्ही दयाळू शोमरोनीची गोष्ट सांगावयास उभे केले. तिने ती घरच्या बोलीत सांगावयास आरंभ केला. त्या वाटसरूला लुटारूंनी कसे झोडपले हे ती इतक्या रंगून सांगत होती की सारा वर्ग हसू लागला. आम्ही तिला थांबविले आणि म्हणालो, "बाळ, नीट मराठीत सांग." ती क्षणभर उभी राहिली, मग खाली बसली. त्या वर्षी पुन्हा ती उभी राहिली नाही. आम्हांस तेव्हा त्यात काही गैर वाटले नव्हते. शुद्ध मराठीचा आग्रह हे आम्ही सत्कार्यच समजत होतो, जसे मेदर समजत होते.

पुढे बदल्या होत होत आम्ही त्याच परिसरात परत आलो. ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे आणि मुलांशी इंग्रजीत बोलते. मागल्या आगमनकाळात आम्ही तिच्या घरी गेलो आणि तीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट काढली. तिला ती आठवत होती. आम्ही क्षमा मागितली, तेव्हा ती हसून म्हणाली, "फादर, तुम्ही एकटे थोडेच होता!" मग तिने आतून सासूबाईंना बोलावले. नाताळच्या आदल्या रविवारी देवळामागच्या खोलीत मुलांना गोष्ट सांगण्यास त्या म्हाताऱ्या बाई आल्या. गोष्ट गव्हाणीची होती आणि ती त्यांनी आपल्या बोलीत सांगितली. निम्मी मुले निम्मे शब्द समजली नाहीत. एकाने मध्येच उठून एका शब्दाचा अर्थ आम्हांस विचारला. तो शब्द गोठ्यातील कुठल्याशा वस्तूचा होता. आमच्या आजीच्या तोंडी तो आम्ही नक्की ऐकला होता, पण अर्थ काही केल्या आठवेना. आम्ही त्या मुलाला म्हणालो, "आजींनाच विचार."